घर विकण्यासाठी एजंट निवडताना

घर विकायचे ठरले की दोन-चार एजंट आपणहून येऊन भेटतात आणि त्यांच्यातला जो सर्वांत चढा आकडा सांगतो, तोच आपल्याला सर्वांत जाणकार वाटू लागतो. निवडीतली पहिली चूक बहुधा येथेच होते. काम हाती यावे म्हणून काही एजंट मुद्दाम फुगवून किंमत सांगतात आणि दीड-दोन महिने घर पडून राहिले की ‘बाजार मंदावला आहे’ असे म्हणत तुमच्याकडूनच ती उतरवून घेतात. तोपर्यंत घर शोधणाऱ्या बहुतेकांच्या नजरेखालून ती जाहिरात अनेकदा गेलेली असते आणि इतके दिवस विकले जात नाही म्हणजे घरात काहीतरी खोट असणार, अशी शंका त्यांच्या मनात बसलेली असते.

म्हणून किमान तीन एजंटांना घर दाखवावे आणि प्रत्येकाकडे त्याच्या आकड्याचा आधार मागावा. जवळपासच्या घरांच्या जाहिरातींतील किमती हा आधार धरू नये, कारण त्या केवळ मालकांच्या अपेक्षा असतात; गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या, तुमच्या घराशी मिळत्याजुळत्या घरांचे आकडे पाहावेत. त्याच बैठकीत एजंटाने स्वतः केलेल्या शेवटच्या पाच व्यवहारांची चौकशी करावी: सुरुवातीला किती मागितले होते, सौदा कितीला पक्का झाला आणि मध्ये किती दिवस गेले. न विकल्या गेलेल्या घरांविषयीही अवश्य विचारावे, कारण माणसाचा प्रामाणिकपणा त्या उत्तरात अधिक कळतो. तो घर कसे पाहतो याकडेही लक्ष असावे. दिवाणखान्यात बसून कौतुक करणाऱ्यापेक्षा कपाटामागच्या भिंतीवर हात ठेवून ओल तपासणारा आणि कागदपत्रे आधी मागणारा एजंट केव्हाही बरा.

एजंटाचे आणि तुमचे हित सारखे असते, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. दलाली २ टक्के धरली, तर किमतीत वाढलेल्या प्रत्येक शंभरातले अठ्ठ्याण्णव तुमचे आणि दोन एजंटाचे, परंतु ते शंभर वाढवण्यासाठी लागणारे जादा दिवस, फोन आणि फेऱ्या मात्र बहुतांशी त्याच्याच. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील सुमारे १ लाख घरविक्रींचा अभ्यास करून २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, एजंटांची स्वतःची घरे इतरांच्या तशाच घरांपेक्षा सरासरी ३.७ टक्के जास्त किमतीला विकली गेली होती आणि ती साडेनऊ दिवस अधिक काळ बाजारात राहिली होती. यात लबाडी असतेच असे नाही, पण पहिलीच बोली स्वीकारण्याचा आग्रह होऊ लागला की हा हिशेब आठवावा.

माझ्या मते सर्वांत उपयोगी परीक्षा साधी आहे. त्या एजंटाकडे सध्या असलेल्या एखाद्या घराची चौकशी तुमच्या ओळखीच्या माणसाला खरेदीदार म्हणून करायला सांगावी. फोन उचलला जातो का, छायाचित्रे उजेडात काढलेली आहेत का, प्रश्नाचे उत्तर नेमके मिळते का, हे पाहावेच. परंतु मालकाविषयी तो काय बोलतो, हे विशेष ऐकावे. आमचे जुने घर विकताना एजंटाने पहिल्याच खरेदीदाराला ‘मालकांनी दुसरे घर घेऊन ठेवले आहे, ते फार ताणणार नाहीत’ असे सांगून टाकले होते आणि त्यानंतरची प्रत्येक बोली त्याच हिशेबाने आली. तेव्हापासून एक पथ्य पाळतो: आपण कमीत कमी कितीला तयार होऊ, हे एजंटालाही आधी सांगायचे नाही.

परवाना किंवा नोंदणी आवश्यक असेल तेथे ती त्याच्या शब्दावर न सोडता संबंधित कार्यालयाकडून पडताळून घ्यावी. दलालीवरून घासाघीस जरूर करावी, मात्र केवळ स्वस्त म्हणून कोणाला निवडू नये. स्वतःच्या दलालीसाठी ठाम राहता न येणारा माणूस तुमच्या किमतीसाठी कितपत ठाम राहील, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

निवड झाल्यावर लेखी करार करावा आणि तो सही करण्याआधी घरी नेऊन सावकाश वाचावा. विक्रीचे काम त्या एकट्याकडेच देणार असाल, तर मुदत तीन महिन्यांच्या पुढे नेऊ नये. दलाली बोली स्वीकारताच द्यायची की व्यवहार पूर्ण झाल्यावर, जाहिरातीचा खर्च कोणाचा, आणि तोच एजंट खरेदीदाराकडूनही पैसे घेणार आहे का, याची उत्तरे करारात स्पष्ट असावीत. मुदत संपल्यानंतरही काही काळ, त्याने आणलेल्या खरेदीदाराला घर विकल्यास दलाली द्यावी लागेल, असे कलम अनेकदा असते. ते गैर नाही, पण तो काळ किती हे ठरलेले असावे आणि मुदत संपताना अशा खरेदीदारांची नावे त्याच्याकडून लेखी घ्यावीत. अन्यथा पुढे दुसऱ्या एजंटामार्फत घर विकले, तर एकाच घरासाठी दोन दलाल्या मोजण्याची वेळ येते.