खोकं एकच, पाइप तीन: गाडीतल्या सबवूफरचा दणका वाढवताना

निपाणीकडचा उसाचा ट्रॅक्टर असो की बेळगावातली छोटी मोटार, आवाज कमी पडला की आधी मोठा अँप्लिफायर आणला जातो. खोट बहुतेकदा खोक्यात असते. म्हणून खोकं एकदाच नीट बनवा आणि पोर्टचा (खोक्यातली हवा आत-बाहेर करणाऱ्या भोकाचा) पाइप बदलून बघा.

१२ इंची सबसाठी (सब म्हणजे सबवूफर, खोल बेस वाजवणारा स्पीकर) आतलं माप ५० × ३५ × ३२ सेंमी, म्हणजे ५६ लिटर. सब, पाइप आणि आतला टेकू मिळून सहाएक लिटर खातात, उरतात ५०. १८ मिमी फळीचे तुकडे प्रत्येकी दोन: ५३.६ × ३८.६, ५३.६ × ३२ आणि ३५ × ३२ सेंमी. एमडीएफ कापायला सोपं, पण खानापूर-जांबोटीच्या पावसात त्याच्या कडा फुगतात. इकडं वॉटरप्रूफ प्लायच बरा.

सांध्यांना फेविकॉल, दर १० सेंमीला स्क्रू, आतून सिलिकॉन. सिलिकॉनचा आंबूस वास जाईपर्यंत, निदान २४ तास, सब बसवू नका. मग हलका बेस लावून पेटती उदबत्ती सांध्यांवरून फिरवा. धूर जिथं थरथरेल तिथं हवा गळतेय.

पोर्टला चार इंची पीव्हीसी पाइप. भोक बाजूच्या फळीला, मागच्या कोपऱ्याजवळ. समोरून घातला तर आतलं तोंड मागच्या फळीला भिडतं. पाइप चिकटवू नका, फोमची पट्टी लावून घट्ट बसवा.

पोर्ट ज्या हर्ट्झला सगळ्यात जोरात वाजतो ते खोक्याचं ट्यूनिंग, आणि ते पाइपच्या लांबीवर ठरतं. लांबीचं गणित (सेंमीत) असं: आतल्या व्यासाच्या वर्गाला २३५६२.५ ने गुणा, त्याला (हव्या त्या हर्ट्झचा वर्ग × उरलेले लिटर) ने भागा, त्यातून व्यासाची ०.७३२ पट वजा करा. व्यास १० सेंमी असेल तर ३१ सेंमी पाइपला ३५ हर्ट्झ, २० ला साधारण ४१, १५ ला ४६. आखूड पाइपवर ढोल कडक वाजतो, खोल बेस मात्र जातो.

ट्यूनिंग खरंच जमलंय का? मोबाइलवरून २५ ते ६० हर्ट्झचे टोन हळू आवाजात वाजवा. ज्या टोनला कोन (सबचा हलणारा पडदा) जवळजवळ थांबतो आणि पाइपसमोरची कागदाची पट्टी सगळ्यात जास्त फडफडते, ते तुमचं ट्यूनिंग. त्याच्याखाली कोनला हवेचा आधार राहत नाही, तो मोकाट हलतो आणि त्याच्यामागची तारेची कॉइल आपटते. त्यामुळं सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) ट्यूनिंगच्या पाचेक हर्ट्झ खाली, लो-पास (वरचे सूर अडवणारा) ८० ला.

मोठ्या आवाजात पाइप फुसफुसतो, कारण एवढ्या तोंडातून हवा फार वेगानं जाते. दोन पाइप लावावेत तर ३५ हर्ट्झसाठी प्रत्येकी ७० सेंमी लागतात, ते ५० लिटरच्या खोक्यात मावत नाहीत. तिथं खोकंच मोठं करावं लागतं.

अँप्लिफायरच्या तारेवर बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत फ्यूज हवाच. आणि चोर्ला घाटातून एकदा जाऊन आलात की सबचे स्क्रू परत आवळा. ढिल्या स्क्रूची खरखर फाटक्या कोनसारखी ऐकू येते आणि चांगला सब दुरुस्तीला जातो.