जुना कॉम्प्युटर सुरू होत नसेल तर आधी पंख्याकडे बघा

आमच्या घरचा कॉम्प्युटर २००८ सालचा. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, डीडीआर२ रॅमच्या दोन पट्ट्या आणि १६० जीबीची हार्ड डिस्क. आईच्या आवाजातली काही रेकॉर्डिंग्ज त्यात आहेत, म्हणून तो अडून बसला की जीव टांगणीला लागतो. एकदा दुरुस्तीवाल्याने नुसतं बघून ‘मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या’ असं सांगितलं होतं. तोच मदरबोर्ड आज चालतोय. ‘सुरू होत नाही’ हे काही दुखण्याचं नाव नव्हे. तो कुठपर्यंत पोहोचून थांबतो ते आधी बघायचं. डब्याची बाजूची पत्र्याची झाकणी काढा, बटण दाबा आणि पंख्याकडे बघा.

पंखा हललाच नाही, दिवाही लागला नाही, तर प्रश्न विजेचा. त्या सॉकेटला टेबल लॅम्प लावून बघा. मॉनिटरची पॉवर केबल बहुतेक वेळा तशीच असते, ती सीपीयूला लावून बघा. एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा. त्याचा मागचा छोटा स्विच साफसफाईत धक्क्याने बंद झालेला असतो, तोही बघा. मग केबल काढून पुढचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा जोडा. कधी कधी एवढ्यानेही काम होतं.

बटणसुद्धा झिजतं. त्याच्या दोन बारीक वायरी मदरबोर्डवर ‘पॉवर स्विच’ लिहिलेल्या पिनांवर बसवलेल्या असतात. तेवढा कनेक्टर काढून त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन सुरू झालं तर दोष बटणाचा.

तरीही काही नाही, तर एसएमपीएस तपासायचा. मेन केबल काढा, एसएमपीएसचे सगळे प्लग सोडवा. २४ पिनांच्या मोठ्या प्लगमधली हिरवी वायर आणि कुठलीही काळी वायर पेपर क्लिपने जोडा, मग वीज द्या. पंखा फिरला तर निदान तो जिवंत आहे. व्होल्टेज बरोबर आहे की नाही हे मात्र मल्टिमीटरच सांगेल: पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल वायरवर ४.७५ ते ५.२५. एसएमपीएसचा डबा उघडू नका. केबल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठलेली असू शकते. एसएमपीएस बिघडला असेल तर सरळ बदला.

पंखा फिरतोय पण पडदा काळा, ही जुन्या मशीनची नेहमीची रड. मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना घट्ट करा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर वीज बंद करून ते काढा आणि मदरबोर्डवर मॉनिटरचा पोर्ट असेल तर केबल तिथे जोडून बघा. तेवढं झालं की रॅमकडे वळा, कारण माझ्या अनुभवात दहापैकी सहा-सात वेळा घोडं तिथेच अडलेलं असतं.

आधी मेन केबल काढा. डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाते. पट्टीच्या दोन्ही टोकांचे चिमटे बाहेर दाबले की पट्टी वर येते. ती कडेने धरून उजेडात तिरकी करा. खालची सोनेरी दातांची रांग लख्ख दिसायला हवी. आमच्या पट्टीवर चहाच्या डागासारखा तपकिरी थर होता. पांढरं खोडरबर त्या दातांवरून एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवा, दोन्ही बाजूंनी. खोडरबराचा चुरा कोरड्या ब्रशने झटका, कारण स्लॉटमध्ये एक कण अडकला तरी मेहनत पाण्यात. पट्टी बसवताना दोन्ही चिमटे ‘खट्’ आवाजाने मिटले पाहिजेत. आधी एकच पट्टी लावून सुरू करा, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी पट्टी.

त्यानेही काही झालं नाही, तर माझी सर्वात आवडती तपासणी करा. सगळी रॅम काढून मशीन सुरू करा. बोर्डला छोटा स्पीकर असेल आणि तो बीप वाजवू लागला, तर प्रोसेसर आणि बोर्ड शुद्धीवर आहेत, फक्त रॅम मागतायत. ‘मदरबोर्ड गेला’ म्हणणाऱ्याला हा बीप ऐकवावा. शेवटी बोर्डवरचे उभे नळकांडीसारखे कपॅसिटर बघा. त्यांचा माथा सपाट हवा. फुगलेला किंवा पाझरलेला दिसला तर सोल्डरिंग येणाऱ्याकडे न्या.

पडद्यावर अक्षरं येतात पण विंडोज येत नाही, आणि तारीख कुठल्या कुठे गेलीय? मग मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. सीआर२०३२, ३ व्होल्टचा. सेल संपला की बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंग्ज मूळपदावर जातात, आणि डिस्कची सेटिंग एएचसीआयवरून आयडीई (डिस्कशी बोलायच्या या दोन पद्धती) किंवा उलट झाली तर जुनं विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं. सेल बदला, सेटिंग पूर्ववत करा.

डिस्क कट-कट आवाज करत असेल तर मात्र ‘अजून एकदा बघू’ म्हणत बटण दाबू नका. दर वेळी ती आणखी खराब होऊ शकते. आतला मजकूर मोलाचा असेल तर डिस्क बाहेर काढून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. आवाज नेहमीसारखा असेल तर साटा-यूएसबी अडॅप्टरने, म्हणजे डिस्क यूएसबीला जोडणाऱ्या केबलने, ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि आधी फाइल्स कॉपी करून घ्या, दुरुस्ती नंतर. आईची रेकॉर्डिंग्ज मी अशीच दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवली, आणि मगच त्या रॅमला हात लावला.