गंभीर आजाराबद्दल पेशंटशी बोलताना या चुका टाळा

बायोप्सीचा रिपोर्ट आला की ओपीडीत आधी शिरतो तो मुलगा नाहीतर जावई, पेशंट बाहेर बाकड्यावर, आणि हळूच म्हणतो, "डॉक्टर, बाबांना काही सांगू नका, खचून जातील." आपण मान डोलावतो, कारण गर्दी आहे आणि ते सोपं पडतं. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच.

बाबांना बरंचसं कळलेलं असतं हो. हॉस्पिटलची पाटी वाचलेली असते, शेजारच्या बेडवरच्याचे केस गेलेले दिसतात, घरात ते आले की बोलणं थांबतं. मग मुलांना त्रास नको म्हणून ते गप्प, त्यांना त्रास नको म्हणून मुलं गप्प, आणि जमिनीचे कागद, धाकट्या भावाशी धरलेला अबोला, एकदा पंढरपूरला जायचं होतं ते, सगळं तसंच राहून जातं. पण म्हणून मुलाशी वाद घालू नका, तोही घाबरलेलाच असतो. त्याला विचारा, नेमकी कसली भीती वाटते? आणि स्पष्ट सांगा की मी आपणहून काही लादणार नाही, पण त्यांनी सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही. मग पेशंटकडे वळा. "काका, आत्तापर्यंत तुम्हाला काय सांगितलंय? रिपोर्टचं सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?" काही जण म्हणतात मुलाशीच बोला. चालेल, तोही त्यांचाच निर्णय, फक्त पुढच्या वेळी परत विचारा, माणसाचं मन बदलतं.

दुसरी चूक म्हणजे आपणच बोलत सुटणं. वाईट बातमी कशी सांगावी यासाठी २००० साली अमेरिका-कॅनडातल्या डॉक्टरांनी मांडलेली 'स्पाइक्स' पद्धत सहा पायऱ्यांची आहे, त्यात प्रत्यक्ष सांगणं चौथ्या पायरीवर येतं, आधीच्या तीन म्हणजे बसायची नीट जागा, पेशंटला काय माहीत आहे ते आणि त्याला किती ऐकायचंय ते. सरकारी हॉस्पिटलात वेगळी खोली कुठून आणणार, मान्य, पण निदान पडदा ओढा, स्टूल घेऊन बसा, आणि राऊंडला पेशंटच्या पायाशी उभं राहून ज्युनिअरशी इंग्रजीत बोलू नका, ते फार लागतं माणसाला. 'कॅन्सर' ऐकल्यावर पुढचं बहुतेक डोक्यात शिरत नाही, तेव्हा स्टेज, टक्केवारी, किमोच्या सायकल लगेच सुरू करू नका. थांबा. रडू द्या.

"आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या" हे वाक्य तर बंदच करा. दुखणं, धाप, उलट्या, झोप, सगळ्यावर करण्यासारखं असतं, मॉर्फिनच्या गोळ्या असतात, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून हेच काम करतंय. आणि पॅलिएटिव्हकडे, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या उपचारांकडे, पाठवणं म्हणजे हात टेकणं असंही समजू नका. २०१० च्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या ज्या पेशंटना सुरुवातीपासून ही मदत मिळाली त्यांचे दिवस जास्त बरे गेले, शिवाय ते जगलेही जास्त, मध्यक (निम्मे पेशंट याहून जास्त जगले) ११.६ महिने, बाकीच्यांचा ८.९.

"किती दिवस आहेत?" याला "तीन महिने" असा आकडा फेकू नका, "देवाच्या हातात आहे" म्हणून सुटूही नका. आधी विचारा, काही ठरवायचंय का? मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं असेल तर त्या बाईंना "वर्ष नाही, काही महिने धरून चला" हे कळणं किती गरजेचं आहे!

आयसीयूच्या दारात नातेवाइकांना "व्हेंटिलेटर लावायचा का, तुम्ही ठरवा" असं विचारलं की बिचारे "सगळं करा" म्हणणारच, दुसरं काय म्हणतील. त्याऐवजी विचारा, आजींना बोलता आलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या? त्याहून चांगलं म्हणजे आजी बोलू शकतात तेव्हाच त्यांना विचारा. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अशी आगाऊ लेखी इच्छा मान्य केली, २०२३ मध्ये अट सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते.

आणि बोलणं झालं की केसपेपरवर लिहा, पेशंटला काय माहीत आहे, काय नकोय, घरात कुणाशी बोलायचं, नाहीतर नाइट ड्युटीवाला येऊन भलतंच काहीतरी बोलून जातो.