घरी शेवटचं आजारपण सांभाळताना

मी घरोघरी जाऊन कॅन्सरच्या पेशंटची शुश्रूषा करते. नातेवाईक आधी जेवणाचंच विचारतात. भूक आजारामुळेच मरते. बळजबरीने भरवू नका, ठसका लागतो. त्यापेक्षा तोंड जपा. ओल्या गॉजने जीभ, हिरड्या हलकेच पुसा. ऑक्सिजन चालू नसेल तर ओठांना व्हॅसलीन लावा. दर दोन तासांनी कूस बदला, गुडघ्यांमध्ये उशी ठेवा. मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचं औषध) दुखण्याची वाट न पाहता डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळेलाच द्या. त्याने पोट साफ होत नाही, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या (हे हमखास राहतं). घरी झेपतच नसेल तर वांद्र्याचं शांती आवेदना सदन आहे. १९८६ पासून तिथे कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना विनामूल्य सांभाळतात. आणि रात्रीच्या पाळ्या लावा. एकट्या सुनेनेच जागायचं, हे मला पटत नाही.