क्राफ्ट राय व्हिस्की: चव कशी घ्यावी, नमुने कसे वाटावेत

राय या गव्हासारख्या धान्यापासून बनणाऱ्या राय व्हिस्कीची, विशेषतः छोट्या कारखान्यांत थोड्या प्रमाणात बनणाऱ्या ‘क्राफ्ट’ रायची, खरी ओळख पटते ती दोन-तीन वेगवेगळ्या राय शेजारी शेजारी ठेवून चाखल्यावर. प्रत्येकाने सगळ्या बाटल्या विकत घेणे परवडण्यासारखे नसते, म्हणून अमेरिकेतील शौकीन ३० किंवा ६० मिलिलिटरचे नमुने आपसांत वाटून घेतात. तिथल्या मराठी मित्रमंडळींनीही हीच वाट धरावी, असे मला मनापासून वाटते.

निवड करताना धान्याचे प्रमाण पाहावे. अमेरिकी कायद्यानुसार राय व्हिस्कीच्या धान्यमिश्रणात किमान ५१ टक्के राय असावी लागते आणि व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या ओक लाकडाच्या पिंपात मुरवावी लागते. केंटकी राज्यातील बऱ्याच जुन्या राय या किमान मर्यादेच्या आसपासच असतात आणि उरलेल्या भागात मका मोठा असल्याने त्या गोडसर लागतात. याउलट इंडियाना राज्यातील लॉरेन्सबर्गच्या मोठ्या डिस्टिलरीचे प्रसिद्ध मिश्रण ९५ टक्के राय आणि ५ टक्के माल्ट केलेल्या (मोड आणून वाळवलेल्या) बार्लीचे आहे, आणि अनेक छोटे ब्रँड तोच माल विकत घेऊन आपल्या नावाने बाटलीत भरतात. म्हणून व्हिस्की मुळात कुठे बनली हे पाहण्यासाठी लेबलच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचावीत. एक केंटकीची, एक इंडियानाची आणि एक न्यूयॉर्कची ‘एम्पायर राय’, जिच्यात त्याच राज्यात पिकलेली राय किमान ७५ टक्के असते, एवढ्या तिघी पहिल्या बैठकीला पुरेशा आहेत.

तोंडाशी निमुळता होणारा ग्लास घ्यावा, त्यात १५ मिलिलिटर ओतावी आणि दहा मिनिटे तशीच राहू द्यावी. वास घेताना तोंड किंचित उघडे ठेवावे, म्हणजे अल्कोहोलचा झणका नाकात बसत नाही. व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा वास मुख्यतः ओकमधून येतो. त्याच्या मागे काय आहे ते शोधावे: पुदिना, शेपू, लवंग, मिरी, कधी सुंठ. शहाजिऱ्याचा वास अनेकांना जाणवतो, मात्र परदेशी राय ब्रेडमध्ये पुष्कळदा शहाजिरेच घातलेले असते, त्यामुळे ही जोडणी धान्याची आहे की आठवणीची, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे तपासावे. छोट्या पिंपात घाईने मुरवलेल्या काही क्राफ्ट रायमध्ये कच्च्या धान्याचा आणि ओल्या लाकडाचा वास येतो. तो नावडला तर तसे स्पष्ट लिहावे.

कमी तीव्रतेची, म्हणजे अल्कोहोलचे प्रमाण कमी असलेली राय आधी, जास्त तीव्रतेची नंतर चाखावी. ६० टक्के तीव्रतेच्या ३० मिलिलिटर व्हिस्कीत ६ मिलिलिटर पाणी घातले की ती साधारण ५० टक्क्यांवर येते, पण पाणी एकदम न ओतता थेंबाथेंबाने घालत प्रत्येक वेळी पुन्हा वास घ्यावा. बैठकीआधी तिखट फरसाण टाळावे, आणि घोट थुंकण्यासाठी भांडे जवळ ठेवावे, कारण चौथ्या-पाचव्या नमुन्यानंतर जीभ विश्वासार्ह राहत नाही.

नमुना काचेच्याच बाटलीत, घट्ट झाकणासह द्यावा. बाटली गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी आणि छोट्या नरसाळ्याने मानेपर्यंत भरावी, कारण आत हवा जितकी जास्त, तितका सुगंध लवकर मंदावतो. चिठ्ठीवर व्हिस्कीचे नाव, वय (पिंपात मुरल्याची वर्षे), तीव्रता, मूळ बाटली उघडल्याची तारीख आणि पिंप क्रमांक लिहावा. एकाच पिंपातून भरलेल्या व्हिस्कीत हा क्रमांक फार महत्त्वाचा असतो, कारण एकाच नावाची दोन पिंपे अगदी वेगळी लागू शकतात. नाव न सांगता चाखायचे असेल तर बाटलीवर फक्त आकडा घालावा आणि तपशील बंद पाकिटात द्यावा. नाव आणि किंमत ठाऊक असली की मत आपोआप झुकते.

नमुने हातोहात द्यावेत. अमेरिकेच्या सरकारी टपालाने मद्य पाठवण्यास मनाई आहे, आणि परवान्याशिवाय नमुने विकणे तर बेकायदा आहेच. घेणारा तिथे किमान २१ वर्षांचा असावा लागतो. महाराष्ट्रात अशा कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे असून पिण्याचा परवानाही लागतो. भारतात येताना प्रौढ प्रवाशाला शुल्काविना २ लिटरपर्यंत मद्य आणता येते. नमुना मिळालेल्याने आपली टिपणे देणाऱ्याला आधी पाठवावीत आणि मगच त्याची वाचावीत.