समुद्रशैवालातील रक्तदाबरोधक पेप्टाइड: अर्क आणि चाचणी

अँजिओटेन्सिन २ हे रक्तवाहिन्या आकुंचित करणारे संप्रेरक एसीई (अँजिओटेन्सिन-कन्व्हर्टिंग एन्झाइम) या एन्झाइममुळे तयार होते. कॅप्टोप्रिलसारखी औषधे एसीईला अडवतात. काही शैवालांच्या प्रथिनांचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, हेच काम करतात, पण फार सौम्यपणे. ते काढणे सोपे आहे. दिसलेला परिणाम त्यांचाच आहे हे पटवणे कठीण.

डल्स किंवा नोरीसारखे प्रथिनयुक्त लाल शैवाल घ्या. तपकिरी शैवालातली फ्लोरोटॅनिन ही फिनॉल जातीची संयुगे कोणत्याही प्रथिनाला चिकटतात, एसीईलाही, आणि चाचणी खोटी यशस्वी दिसते. अगार किंवा कॅरेजिनन हे थिजणारे पदार्थ देणारी शैवालेही नकोत. तापवलेला अर्क निवताच थिजतो आणि गाळणी तुंबते.

गोड्या पाण्यात धुऊन ४० अंशांखाली वाळवा, दळा. १० ग्रॅम भुकटी २०० मिली पाण्यात काही तास ढवळा, पीएच ६ करा, ०.१ ग्रॅम पपेन (पपईतले प्रथिन कातरणारे एन्झाइम) घालून ६० अंशांवर २४ तास ठेवा. मग ९५ अंशांवर १० मिनिटे तापवून पपेन निकामी करा, नाहीतर ते पेप्टाइडही कातरत राहते. सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव ३ किलोडाल्टनच्या, म्हणजे फक्त छोटे रेणू जाऊ देणाऱ्या, पटलातून गाळा आणि खाली आलेला अर्क वापरा. क्षारही पटलातून जातात, म्हणून अर्क सुकवून उरणाऱ्या भुकटीचे नव्हे, त्यातल्या पेप्टाइडचे प्रमाण मोजा.

चाचणीसाठी ५० मायक्रोलिटर अर्क आणि तितकेच एसीई (२५ मिलियुनिट प्रति मिली) ३७ अंशांवर १० मिनिटे ठेवा. मग ८.३ मिलिमोलर हिप्युरिल-हिस्टिडिल-ल्युसिन १५० मायक्रोलिटर घाला; एसीई हे पेप्टाइड कापते आणि हिप्युरिक आम्ल सुटते. बोरेट बफरचा पीएच ८.३ असावा आणि त्यात मीठ हवेच. क्लोराइडशिवाय एसीई मंदावते. ईडीटीए हे धातू पकडणारे रसायन मात्र चुकूनही नको, ते एन्झाइममधले झिंक पळवते. ३० मिनिटांनी १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २५० मायक्रोलिटर घालून क्रिया थांबवा. सुटलेले हिप्युरिक आम्ल १.५ मिली इथाइल ॲसिटेटमध्ये घ्या, वरच्या थरातले १ मिली पूर्ण सुकवा, पाण्यात विरघळवून २२८ नॅनोमीटरवर मोजा. इथाइल ॲसिटेट उरले तर तेही इथे प्रकाश शोषते आणि आकडा फुगतो. अर्कातले फिनॉलही तेच करतात, म्हणून एन्झाइमविना अर्काची वेगळी नळी लावून तिचे वाचन वजा करा.

सोबत कॅप्टोप्रिल तपासा. त्याची निम्मी रोधमात्रा, म्हणजे एसीईची क्रिया निम्म्यावर आणणारी मात्रा, साधारण दहा-वीस नॅनोमोलरच्या आसपास आली नाही तर अर्काचे आकडे बाजूला ठेवून आधी मांडणी तपासा. शेवटी अर्क पेप्सिन आणि पॅन्क्रिएटिन या पचनाच्या एन्झाइमांनी पचवून चाचणी पुन्हा करा. अनेक पेप्टाइड इथेच गळतात.