कोकणात राहायला येताय? सिम घ्यायच्या आधी फोनचे बँड बघून घ्या

घाटावरून बदली होऊन, नाहीतर वर्क फ्रॉम होम करायचं म्हणून इकडे येणारी माणसं घरभाडं, पाणी, लाईट सगळं नीट विचारून घेतात, पण रेंजचा विषय निघाला की "जिओ चालतं ना?" एवढ्यावरच थांबतात. मी कोल्हापूरकडचा, पण आता गुहागर तालुक्यात पुरता मुरलोय, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतो की तुम्ही ज्या घरात राहणार त्या घराच्या माजघरात, दार लावून, काय चालतं ते बघा. तालुक्याच्या बाजारपेठेत पूर्ण काड्या दिसतात याचा तुमच्या वाडीशी काहीच संबंध नसतो.

इथे टॉवर वर सड्यावर किंवा रस्त्याकडेला असतो आणि वाडी खाली उतारावर नारळी-पोफळीत, मध्ये डोंगराची एक सोंड आडवी आली की संपलं. वरच्या वाडीत आरामात व्हिडिओ कॉल होतो आणि पाखाडी उतरून खाली आलं की फोन नुसता नेटवर्क शोधत बसतो, बॅटरी पण त्यातच जाते. खाडीच्या तोंडाशी मात्र उलटंही होतं, मध्ये फक्त पाणी असल्यामुळे पलीकडच्या गावचा टॉवर आपल्या गावच्यापेक्षा बरा मिळतो. त्यात जुनं घर असेल तर जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, म्हणजे पडवीत तीन काड्या आणि आत शून्य.

म्हणून बँड, म्हणजे फोन कोणकोणत्या फ्रिक्वेन्सी पकडतो ते, बघायचे. साधा हिशोब असा की फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितकं सिग्नल लांब जातं आणि भिंतीतून आत शिरतं. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झ हे इथे कामाचे, १८०० आणि २१०० मध्यम, २३०० ला स्पीड चांगला पण पल्ला कमी, आणि ३३०० च्या वरचं फाइव्हजी भिंतीपाशीच दम तोडतं. जिओचं फोरजी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं, त्यातला ५ म्हणजे ८५०, वाडीत तोच उपयोगी पडतो. एअरटेल आणि व्हीआयचे मुख्य बँड १, ३, ८ आणि ४०, त्यात ८ म्हणजे ९००. बीएसएनएलचं नवीन फोरजी बँड २८ म्हणजे ७०० वर आणि बँड १ वर आहे. जिओचं फाइव्हजी एन७८ (म्हणजे ३३०० च्या वरचं) सोबत एन२८ (म्हणजे ७००) वर पण आहे, त्यामुळे फोन घेताना नुसता "फाइव्हजी" स्टिकर बघू नका, एन२८ आहे का ते बघा, सुरुवातीच्या बऱ्याच फाइव्हजी फोनांत तो नव्हता.

आता तुमचा फोन. सेटिंगमध्ये पूर्ण मॉडेल नंबर असतो, तो टाकून कंपनीच्या साईटवर बँडची यादी शोधा, नुसत्या नावाने शोधू नका कारण एकाच नावाचा फोन वेगळ्या देशात वेगळ्या बँडचा असू शकतो. आमच्या इथे बऱ्याच घरांत दुबई, मस्कत, कतारहून आणलेला फोन असतो, त्यांनी तर हे आधी करावं. अमेरिकेहून आणला असेल तर आणखी दोन गोष्टी, एक म्हणजे तो तिकडच्या कंपनीला लॉक आहे का, आणि दुसरं म्हणजे आयफोन १४ पासून तिकडच्या मॉडेलला सिमचा खाचाच नाही, फक्त ई-सिम.

बँड जुळले तरी व्होल्टीचं, म्हणजे फोरजीवरूनच होणाऱ्या साध्या कॉलचं, बघायलाच लागतं. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, त्यामुळे फोनला त्यांचं व्होल्टी चालत नसेल तर नेट चालेल पण साधा कॉल लागणार नाही, आणि रात्री कोणी आजारी पडलं तर त्या नेटचं काय करणार? एअरटेल आणि व्हीआयवर निदान कॉल टूजीवर उतरतो. बीएसएनएलचं जुनं सिम असेल तर फोरजीसाठी बदलून घ्या.

घर बघायला जाल तेव्हा शेजाऱ्याचं सिम पाच मिनिटं मागून घ्या, इथली माणसं नाही म्हणत नाहीत. अँड्रॉइडवर नेटमॉन्स्टर अ‍ॅप टाका, आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करा. सिग्नलचा आकडा (तिथे RSRP लिहिलेला) उणे ९० च्या आसपास असेल तर मस्त, उणे ११० च्या पलीकडे गेला तर मीटिंगचं विसरा. कोणता बँड पकडलाय तेही कळतं. माजघर, स्वयंपाकघर, मागचं दार, तिन्हीकडे बघा आणि कॉल करून बघा. कंपन्यांच्या साईटवर कव्हरेजचा नकाशा असतो, तो आधी चाळा पण डोंगराआडच्या वाडीसाठी त्यावर भरवसा ठेवू नका. आणि शक्य असेल तर संध्याकाळी आठ-नऊला बघा. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी आले की काड्या तेवढ्याच राहतात आणि नेट मात्र सरकत नाही, त्या दिवसांत महत्त्वाचं काम सकाळी लवकर उरकायचं.

दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं ठेवाच, पण दोन्ही कंपन्या एकाच टॉवरवर नाहीत ना तेही बघा, कारण पावसात लाईट गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली की दोन्ही एकदम जातात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे लाईट आणि फोन किती दिवस बंद होते ते तिकडच्या कोणालाही विचारा. घरी फायबर येत असेल तर घ्या आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, माजघराचा प्रश्न तिथेच सुटतो, फक्त राऊटर इन्व्हर्टरवर घ्यायला विसरू नका.

बँकेला, आधारला जोडलेला नंबर लगेच पोर्ट करू नका, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलू नका. इथलं नवीन सिम आधी दुसऱ्या स्लॉटला टाकून एक पावसाळा काढा. मगच करायचं असेल तर इंग्रजीत पोर्ट, स्पेस आणि आपला नंबर असा मेसेज १९०० ला पाठवायचा, कोड येतो, तो चार दिवस चालतो. मुंबईचा नंबर असेल तर सर्कल (मोबाईल सेवेचा विभाग) वेगळं पडतं, पाच कामाचे दिवस धरून चाला. एकदा पोर्ट केलं की पुढचे ९० दिवस परत बदलता येत नाही.